डबा लपवण्याआधीचं गाऱ्हाणं

नोव्हेंबर २०१८ मध्ये टाउन हॉलमधून मेल आली: 'तुमचा एक डबा आमच्याकडे आहे. सवडीनं घेऊन जा.'

बोस्टनच्या पश्चिमेला, गाडीनं तासाभरावर, आमचं छोटं गाव. टाउन हॉलच्या तळमजल्यावर कुत्र्यांचे परवाने देतात त्या खिडकीच्या पलीकडे कॉन्झर्व्हेशन ऑफिस आहे, गावाची रानं आणि पाणथळी सांभाळणारं. शाळेत हेडबाईंनी बोलावल्यावर जायचे तशीच गेले. काउंटरवर माझा डबा होता. झाकणावर पिवळी चिठ्ठी, तिच्यावर तारीख आणि सापडल्याची जागा. शेजारी कुणाचा तरी एकच हातमोजा आणि कुत्र्याचा पट्टा. म्हणजे आपली गणना हरवलेल्या वस्तूंत, निदान गुन्ह्यात नाही, एवढा धीर आला.

हा रिव्ह्यू त्या ऑफिसचा, आणि त्यातही त्यांच्या एकाच सेवेचा: गावाच्या मालकीच्या रानात लेटरबॉक्स लपवायची परवानगी. ही सेवा गावात चार-पाच जण वापरत असतील, त्यामुळे गूगलवर तिला तारे द्यायला कुणी जाणार नाही. मी पहिल्यापासून वापरतेय, तेव्हा मीच देते. पाचापैकी चार.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. हा टपालाचा डबा नव्हे. घट्ट झाकणाच्या डब्यात हातानं कोरलेला एक रबरी शिक्का आणि एक वही ठेवायची, डबा रानात लपवायचा आणि जागेचं कोडं लिहून टाकायचं. कोडं सोडवून येणारा माणूस आपला शिक्का तुमच्या वहीत उठवतो, तुमचा शिक्का आपल्या वहीत घेतो आणि डबा होता तसा ठेवून निघून जातो. इंग्लंडात डेव्हनमधल्या डार्टमूर माळावर १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्यानं क्रॅनमिअर पूलपाशी एक बाटली ठेवली, इथवर चालत येणाऱ्यांनी आपलं कार्ड तीत टाकावं म्हणून. तिथून हे सगळं सुरू झालं. अमेरिकेत ते पसरलं फार उशिरा, १९९८ मध्ये स्मिथसोनियन मासिकात डार्टमूरवर लेख आला त्यानंतर. शेजारणीनं मला २०१४ साली नादाला लावलं.

जीपीएसवर जागा बघून लपवलेले डबे शोधायच्या खेळाचा, जिओकॅशिंगचा, चुलत भाऊच म्हणा, फक्त तिकडे नवा डबा यादीत घेण्याआधी कुणीतरी तपासतं आणि जागेच्या मालकाची परवानगी आहे हे तुमच्याकडून वदवून घेतं. लेटरबॉक्सवाल्यांत मधे कुणी नाही. आपणच कोरायचं, आपणच लपवायचं, आपणच कोडं साइटवर टाकायचं. त्यामुळे मालकाला विचारायचं की नाही, हा ज्याच्या त्याच्या सद्सद्विवेकाचा प्रश्न. माझा सद्सद्विवेक २०१८ पर्यंत गाढ झोपेत होता.

डबा मी ठेवला होता गडग्यात. दुसरा शब्दच नाही त्याला. मी देवरुखची. आमच्याकडे जांभ्याचे गडगे, इथे ग्रॅनाइटचे. बाकी रचणी तीच, चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. इथल्या शेतकऱ्यांनी नांगराला लागलेले दगड उचलून बांधावर रचले. पुढे शेतं सुटली, रान परत आलं आणि गडगे मधेच राहिले, कशाचीही हद्द नसल्यासारखे. लहानपणी आजी ओरडायची, 'गडग्यात हात घालू नकोस, फुरसं असेल.' इथे फुरसं नाही, म्हणून मी पन्नाशीत खुशाल हात घातला. दोन दगड बाजूला केले, डबा सरकवला आणि दगड परत लावले. आपल्या मते अगदी होते तसे.

'एजंट' भेटतील असं खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं. एजंट म्हणजे इथे विमावाला नव्हे. मॅसॅच्युसेट्समध्ये गावोगाव कॉन्झर्व्हेशन कमिशन असतं. त्याचा कायदा १९५७ चा. ओढे, पाणथळी, गावाची राखीव रानं त्याच्या अखत्यारीत येतात आणि त्याचा पगारी माणूस तो कॉन्झर्व्हेशन एजंट. आमचे एजंट साठीचे, पाऊस असो नसो पायात गमबूट. त्यांनी रागावणं टाळलं आणि मला फोनवर दोन फोटो दाखवले. पहिला जूनमधला, गडगा धड. दुसरा ऑक्टोबरमधला, त्याच जागी सहा-सात फूट गडगा विस्कटलेला. 'तुमच्या डब्यापर्यंत आठ माणसं पोचली,' ते म्हणाले. वहीतले शिक्के त्यांनी मोजले होते. 'आणि न पोचलेली किती, ते गडगा सांगतो.'

माझ्या कोड्यात 'ओकच्या पुढचा तिसरा मोठा दगड' असं होतं. मोठा म्हणजे केवढा, ते ज्यानं त्यानं आपापल्या मनानं ठरवलं आणि दगड उचकटून पाहिले.

मग त्यांनी खणातून एक पानी फॉर्म काढून दिला. त्या संध्याकाळी देवरुखला फोन केला तेव्हा आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'म्हणजे तिथल्या राखणदाराला गाऱ्हाणं न घालता तू रानात शिरलीस. मग असंच होणार.' मी म्हटलं, 'आई, इथला राखणदार गमबूट घालतो आणि फॉर्म भरून घेतो.' 'मग भर की,' ती म्हणाली. 'नारळापेक्षा स्वस्त पडेल.'

खरंच स्वस्त. फी शून्य. फॉर्ममध्ये नऊ प्रश्न: जागा नकाशावर, डब्याचं माप, फोटो, संपर्क, वगैरे. बहुतेक साधे. दोन प्रश्नांवर मात्र अडले. 'किती काळासाठी?' मी लिहिलं, कायमचा. एजंटनी ते खोडून 'एक वर्ष, नूतनीकरण शक्य' असं केलं. दुसरा: 'तुम्ही गाव सोडलंत तर डबा कोण उचलेल?' याचा मी आयुष्यात विचार केला नव्हता. अमेरिकेत माणसं घर बदलतात, नोकरी बदलते, छंद सुटतो, आणि डबे तसेच रानात राहतात. त्यातली वही भिजून लगदा होते. ह्यांचं नाव लिहावं तर हे माझ्यासोबतच गाव सोडणार. शेवटी शेजारणीचं नाव घातलं आणि तिला नंतर कळवलं. फॉर्मसोबत डार्टमूरवाल्यांची आचारसंहिता छापून जोडली. त्यांनी हे फार आधी लिहून ठेवलंय: पुरातन दगडी रांगांत, भिंतींत, पडक्या बांधकामांत डबा ठेवायचा नाही, धोक्याच्या जागी ठेवायचा नाही, सिमेंट वापरून पक्का करायचा नाही. एजंटनी ते पान वाचलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बोलले काही नाहीत.

आता या सेवेतली खरी चांगली गोष्ट. फॉर्म दिल्यानंतर एकोणिसाव्या दिवशी, एप्रिल २०१९ मध्ये, ते स्वतः माझ्यासोबत रानात आले. मी तीन जागा सुचवल्या होत्या. पँट मोज्यांत खोचून, गोचिडीच्या भीतीनं दर दहा पावलांवर पोटऱ्या झटकत मी मागे, ते पुढे.

पहिली जागा अ‍ॅशच्या एका जुन्या झाडाच्या बुंध्याशी. ते म्हणाले, 'खाली नका बघू, वर बघा.' वर अर्धा शेंडा वाळलेला, साल ठिकठिकाणी सुटलेली. एमराल्ड अ‍ॅश बोअरर नावाचा हिरवा किडा आमच्या राज्यात २०१२ मध्ये सापडला, तेव्हापासून अ‍ॅशची झाडं मरताहेत, आणि मेलेल्या अ‍ॅशचं लाकूड फार लवकर ठिसूळ होतं. वारा नसतानाही फांदी पडते. तिच्याखाली मी लोकांना दहा-दहा मिनिटं वाकून बसवणार होते.

दुसरी जागा मला सगळ्यांत आवडलेली. एका खोलगट भागात पाणी साचलं होतं, कडेला पडलेलं पाइनचं ओंडकं, ओंडक्याखाली डब्याच्या मापाची पोकळी. जवळ गेलो तर बदकं ओरडत होती, बदक मात्र एकही नाही. एजंटनी ओठांवर बोट ठेवलं आणि खाली बसायची खूण केली. पाण्यात एका काटकीला काहीतरी बुळबुळीत गोळ्यांचा घोस लटकला होता. फालुद्यासाठी सब्जा भिजवावा आणि कुणीतरी तो ओंजळभर तिथे ओतावा, थेट तसं: पारदर्शक गोळी, मधे काळा ठिपका. वुड फ्रॉगची अंडी. ओरडत होते तेही हेच बेडूक. हा बेडूक हिवाळ्यात पाल्याखाली गोठून जातो आणि वसंतात वितळून पुन्हा चालायला लागतो. पालीसारखे दिसणारे ठिपकेवाले सॅलमँडरही अशाच डबक्यांत येतात, पहिल्या उबदार पावसाच्या रात्री, रस्ता ओलांडून. उन्हाळ्यात डबकं आटतं, म्हणून त्यात मासे नसतात, आणि मासे नसतात म्हणून अंडी वाचतात. ऑगस्टमध्ये मी आले असते तर तिथे मला एक कोरडा खळगा दिसला असता आणि मी खुशाल डबा ठेवून गेले असते. एजंट म्हणाले, 'डब्यानं कायदा मोडत नाही. पण डब्यामागून बूट येतात.'

तिसऱ्या जागेला कौल उजवा पडला. हिमनदीनं आणून टाकलेली घराएवढी शिळा, तिच्या खालच्या कपारीत कोरडी जागा, पायवाटेपासून बारा पावलं आणि तीही उघड्या खडकावरून. शेवाळ तुडवलं जात नाही, खणावं लागत नाही, वर काही पडत नाही. त्यांनी स्वतः गुडघ्यावर बसून कपारीत हात घालून पाहिला. आजी असती तर ओरडली असती.

मला वाटलं झालं. पण त्यांनी डबा मागितला, झाकण उघडलं आणि चक्क नाकाशी नेला.

'यात आधी काय होतं?'

लसणीची चटणी. निदान सहा वर्षं. मी तो गरम पाण्यानं, साबणानं, बेकिंग सोड्यानं धुतला होता, उन्हात वाळवला होता. मला स्वतःला काही वास येत नव्हता, पण माझं नाक त्या चटणीवरच वाढलेलं. 'रकून याचं झाकण एका रात्रीत कुरतडेल,' ते म्हणाले, 'आणि चिपमंक उरलेलं.' (रकून म्हणजे इथला रात्री फिरणारा चोरटा प्राणी, चिपमंक म्हणजे छोटी पट्टेरी खार.) नवा डबा आणा, खाऊ कधी न ठेवलेला. झाकण पारदर्शक हवं, आतलं बाहेरून दिसलं पाहिजे. वर ठळक लिहा की हा काय आहे आणि परवानगी कुणाची. रानाच्या रंगाची चिकटपट्टी लावू नका, आणि पीव्हीसी पाइपचा तुकडा तर मुळीच नको. बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये एप्रिल २०१३ ला बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर या भागात बेवारस वस्तू दिसली की लोक आधी पोलिसांना फोन करतात, आणि त्यांचं चुकत नाही. लपवायचा डबा, पण सापडला तर लगेच कळला पाहिजे, हे गणित मला तोवर कुणी घातलं नव्हतं.

शिक्क्याचं गणित मी स्वतःच चुकवलं, त्याला ऑफिस काही करू शकत नाही. गडग्यावर बसलेला चिपमंक आणि खाली देवनागरीत 'गडगा'. शिक्क्यावर अक्षरं उलटी हवीत म्हणून मी काळजीपूर्वक आरशातली अक्षरं पेन्सिलनं कागदावर काढली, कागद गुलाबी रबरावर पालथा दाबला आणि चमच्याच्या पाठीनं घासला. घासल्यावर चित्र आपोआप उलटं उतरतं, म्हणजे माझं उलटं सुलटं झालं आणि छापल्यावर पुन्हा उलटं. दोन संध्याकाळी कोरल्यावर पहिला ठसा उठवला तेव्हा कळलं. मराठी शाळेतल्या मुलांना मात्र तोच ठसा आवडला, म्हणून तो घरी ठेवलाय.

तुलनेसाठी इतर दारंही वाजवून पाहिली. शेजारच्या गावात एक खाजगी भूविश्वस्त संस्था आहे, म्हणजे जमीन राखून ठेवणारी, सगळी कामं स्वयंसेवक करतात. तिथे फोन उचलणाऱ्या आजी इतक्या गोड की विचारता सोय नाही. दोन मिनिटांत 'ठेव की, त्यात काय!' फॉर्म नाही, जागा बघणं नाही. दोन महिन्यांनी त्यांच्याच पायवाट साफ करणाऱ्या मंडळींनी माझा डबा कचऱ्याच्या पिशवीत घातला. आजींनी कुणाला सांगितलंच नव्हतं. वहीत चौदा शिक्के होते, ते गेले. चटकन मिळालेला होकार मला सगळ्यांत महागात पडला तो असा.

एका सरकारी उद्यानाला मेल केली तर लग्न, शर्यती आणि चित्रीकरणासाठीचा परवान्याचा अर्ज आला, अकरा पानी, सोबत दहा लाख डॉलरच्या विम्याचं प्रमाणपत्र जोडा असं. माझ्या डब्याची किंमत सहा डॉलर. परत लिहिलं, उत्तर नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा तोच अर्ज. तिथे मी हात टेकले. राष्ट्रीय उद्यानांचा प्रश्न वेगळा; तिथे कुठलीही वस्तू चोवीस तासांपेक्षा जास्त बेवारस सोडायची नाही असा मुळात नियमच आहे, तेव्हा विचारल्याशिवाय तिकडे डबा न्यायचाच नाही. आणि शेजारच्या कनेटिकट राज्याचा मला हेवा वाटतो: तिथल्या वनखात्यानं स्वतःच आपल्या राज्य-वनांत लेटरबॉक्स ठेवलेत आणि कोडी स्वतः लिहिलीत. राखणदारच खेळायला उतरला म्हटल्यावर गाऱ्हाणं कुणाला घालायचं!

आमच्या ऑफिसचा एक तारा का कापला, ते आता. वेळा विचित्र आहेत: शुक्रवारी बारा वाजता दार बंद, सोमवारी एजंट बाहेर जागा बघायला. फॉर्म वेबसाइटवर आहे, पण पीडीएफ असा की भरता येत नाही. छापा, हातानं भरा, स्कॅन करा. हे चालवून घेतलं असतं. पण नूतनीकरणाची आठवण ते करून देत नाहीत. वर्ष संपतं त्या दिवशी परवानगी संपते, एवढंच. २०२० च्या टाळेबंदीत रानाशिवाय कुठे जायची सोय नव्हती आणि माझ्या डब्याला एका उन्हाळ्यात साठाच्या वर माणसं आली. वही भरली, मी दुसरी ठेवली. त्या आनंदात पुढच्या वर्षीची तारीख विसरले. मे २०२१ मध्ये पुन्हा तीच मेल: 'तुमचा एक डबा आमच्याकडे आहे.'

पुन्हा तो काउंटर, पुन्हा पिवळी चिठ्ठी. मी थोडी चिडलेच. म्हटलं, दातांचा डॉक्टर सहा महिन्यांनी मेसेज पाठवतो, कुत्र्याच्या परवान्याचं पत्र तुमच्याच शेजारची खिडकी पाठवते, तुम्हाला एक ओळ लिहायला काय होतं? एजंट म्हणाले, ऑफिसात ते एकटे, त्यात अठरा एकरांच्या एका नव्या बांधकामाच्या सुनावण्या चालू. त्यांचं खरं असेल. पण ज्यांनी माझा डबा हुंगून नाकारला त्यांच्याकडून माझी एवढी अपेक्षा होती. डबा मात्र कोरडा, वहीच्या पिशवीत त्यांनी ओलावा शोषणारी नवी पुडी घालून ठेवलेली. या पुडीमुळे मी दीड तारा कापता कापता एकावर थांबले.

ते एजंट आता निवृत्त झाले. नव्या बाई तरुण आहेत, मेलला तीन दिवसांत उत्तर देतात, फोटो बघून निम्मे प्रश्न तिथेच सोडवतात. मला आधी शंका होती की या बाई ऑफिसातच बसून होकार देतील. गेल्या वर्षी तिसऱ्या डब्यासाठी अर्ज केला तेव्हा उत्तर आलं: 'जागा चांगली वाटते. पण एप्रिलमध्ये एकदा जाऊन पाहू.' गमबूट त्यांचेही होते, निळे.

माझे दोन डबे सध्या रानात आहेत, तिसऱ्याचा शिक्का कोरायचाय. तुम्ही याच भागातले असाल आणि जाणार असाल तर मंगळवारी सकाळी जा. नूतनीकरणाची तारीख स्वतःच्या फोनमध्ये घाला. मार्च-एप्रिलमध्ये पाण्याजवळची जागा सुचवून त्यांचा आणि आपला वेळ घालवू नका. आणि डबा नवा घ्या. कितीही धुतला तरी मसाल्याचा नको.